शनिवारच्या पत्रातली शेवटची ओळ

तगारे बाईंच्या हातून आयुष्यात एकच मोठी चूक झाली, आणि ज्या आठवड्यात ती झाली त्याच आठवड्यात शाळेने शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार केला.

विट्याच्या त्या शाळेत बाई चोवीस वर्षं पाचवीचा वर्ग सांभाळत होत्या. दर शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आत पालकांना पत्र जायचं, हा त्यांचा नेम. आठवड्यात काय शिकवलं, सोमवारी रंगपेटी पाठवा, बुधवारी दात तपासायला डॉक्टर येणार आहेत, नखं कापा, पाण्याच्या बाटलीवर नाव घाला. आणि सगळ्यात शेवटी, प्रत्येक मुलासाठी वेगळी अशी एक ओळ, बाईंच्या हातची. त्या ओळीची नक्कल त्या लाँगबुकात उतरवून ठेवत. वर्षाला एक लाँगबुक, वर खाकी कव्हर, त्यावर साल. मुख्याध्यापक मुल्ला सर त्या कपाटाला चेष्टेने 'बाईंचं दप्तरखानं' म्हणायचे.

चेष्टा करोत, पण त्या ओळीची किंमत गावाला ठाऊक होती. या भागातले निम्मे बाप गलाईच्या धंद्यात, म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या कामात. कुणी वारंगळला, कुणी सिलिगुडीला, कुणी कोइमतूरला. पोरं त्यांना दिवाळीत दिसायची नाहीतर मे महिन्यात. मग शनिवारी दुपारी घरोघरी आया फोनवरून नवऱ्याला पत्र वाचून दाखवायच्या, आणि पलीकडून हमखास फर्माईश व्हायची, शेवटची ओळ पुन्हा वाच.

आता वर्गात चाळीस पोरं. चौतीस पोरांबद्दल लिहायला दर आठवड्याला काही ना काही सापडतं. कुणी कविता म्हटली, कुणी खिडकीची काच फोडली, कुणाचं अक्षर सुधारलं. उरलेली सहा मधल्या बाकांवर बसणारी, हजेरीला 'हजर' म्हणून पुन्हा दिवसभर गप्प राहणारी. त्यांच्याबद्दल काय लिहायचं? जागा कोरी ठेवणं बाईंच्या जिवावर यायचं. कुठेतरी एक बाप भट्टीशेजारी फोन कानाला लावून उभा असणार, हे त्यांना दिसायचं. म्हणून पहिल्याच वर्षी त्यांनी एक ओळ शोधून काढली होती. 'डबा सगळ्यांना वाटून खातो.' मुलगी असली तर 'खाते'. खोटं म्हणावं तर तसं नव्हतं, आणि खरं आहे का ते बाईंनी कधी मधल्या सुट्टीत जाऊन पाहिलं नव्हतं. घरी बरं वाटायचं, कुणाचं काही जात नव्हतं. देणाऱ्याचं जात नाही आणि घेणाऱ्याचं भागतं, असा हा मामला.

मग 'वेध' आलं.

सरकारी पत्रात त्याचं नाव लांबलचक होतं, पण शिक्षक त्याला 'पंचांग' म्हणायचे. काम सोपं होतं. वर्गातला कॅमेरा, मुलांच्या पाट्या, वह्या, हजेरी यांच्यावरून शनिवारचं पत्र यंत्रच तयार करणार होतं. बाईंच्या मागची दर आठवड्याची दगदग जाणार होती. शेवटची ओळ तेवढी शिक्षकाने स्वतः लिहायची, कारण मानवी स्पर्श राहिला पाहिजे, असं वरून आलं होतं. आणि पत्राच्या तळाशी एक आकडा यायचा. हे मूल दहावीच्या पुढे नीट शिकेल याची शक्यता, शंभरात किती.

हा आकडा हवेतून येत नाही. वेधला आधी जुनी मुलं दाखवावी लागतात. हे मूल दहा वर्षांचं असताना असं होतं, आणि पंचविसाव्या वर्षी त्याचं असं झालं, अशा हजारो जोड्या. पुढचा भाग मिळणं अवघड नव्हतं, परीक्षा मंडळाच्या नोंदी, नोकऱ्यांच्या नोंदी, लग्नाच्या नोंदी सगळ्या एका क्रमांकाखाली आल्या होत्या. अवघड होता तो मागचा भाग. दहाव्या वर्षी ते मूल कसं होतं, हे कोण सांगणार? शाळांकडे होते नुसते गुण, आणि गुणांवरून फार काही कळत नाही, हे यंत्राला लवकरच कळून चुकलं होतं.

कंपनीची इंजिनिअर मुलगी शाळेत आली, तिने दप्तरखानं पाहिलं आणि ती तिथेच फरशीवर मांडी घालून वाचत बसली. चोवीस वर्षं, सुमारे हजार मुलं, दर आठवड्याला एक ओळ, तीही एकाच माणसाच्या नजरेतून. असा खजिना सबंध राज्यात दुसरा नाही, असं ती म्हणाली. बाई भारावून गेल्या. त्यांनी स्वतःच्या हाताने चोवीस लाँगबुकं धूळ पुसून तिच्या स्वाधीन केली. दोन दिवस स्कॅनिंग चाललं, तिसऱ्या दिवशी सत्कार झाला. त्या शालीचा रंग मोरपंखी होता आणि बाईंना तो शोभूनही दिसत होता.

*

जानेवारीतल्या एका शनिवारी शाळा सुटल्यावर शीतल निकम फाटकापाशी थांबली होती. यंदा बाईंच्या वर्गात असलेल्या शिवन्याची आई. शीतलही बाईंचीच विद्यार्थिनी, अगदी सुरुवातीच्या वर्षांतली. पुढे नववीतून शाळा सुटली, लग्न झालं. नवरा कोइमतूरला. तिच्या हातात फोन होता, फोनवर नुकतंच आलेलं पत्र होतं. यंदापासून आकड्याच्या खाली त्यामागचं कारणही छापायचं, असा नियम झाला होता, पालकांना अंधारात ठेवू नये म्हणून.

शिवन्याचा आकडा एकतीस होता. खाली लिहिलं होतं : सर्वात वजनदार कारण, शिक्षकांची ओळ.

शीतलने विचारलं ते अगदी साधं होतं. जूनपासून सहावीच्या दोन तुकड्या होणार. साठच्या वरच्यांना निवडक तुकडी, तिथे शिकवायला माणसं, प्रयोगशाळा. बाकीच्यांना पडद्याचा वर्ग, शंभर पोरांत एक मदतनीस. मग आपल्या पोरीबद्दल बाईंनी असं काय वाईट लिहिलंय, तेवढं तिला कळायला हवं होतं. बाईंनी घाईघाईने आकड्याच्या वरची आपली ओळ वाचली. 'शिवन्या डबा सगळ्यांना वाटून खाते.' यात वाईट ते काय? कुठेतरी घोटाळा झालाय, मी बघते, असं सांगून बाई तडक मुल्ला सरांच्या खोलीत गेल्या.

मुल्ला सरांनी पडद्यावर तपशील उघडला, वाचला आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. एरवी बोलायला मागे न हटणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांना शब्द जुळवावे लागत होते.

चोवीस वर्षांत ज्या मुलांना ही ओळ पुन्हा पुन्हा मिळाली आणि ज्यांचं दहावीचं वय आता उलटून गेलं आहे, अशी मुलं होती एकशे चार. त्यातली एक्याण्णव दहावीच्या पुढे गेलीच नव्हती. घरची परिस्थिती, गुण, हजेरी, कशावरूनही इतका नेमका अंदाज यंत्राला बांधता आला नव्हता. बाईंची ही गोड ओळ मात्र दहात नऊ वेळा बरोबर ठरत होती. आणि आता जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांत, कुठल्याही शिक्षकाने डबा, गोड स्वभाव, सगळ्यांशी मिळून-मिसळून असं काही लिहिलं, की वेध त्या मुलाचा आकडा खाली आणत होतं. हे ते बाईंकडून शिकलं होतं.

बाई खुर्चीत बसल्या. त्यांना ती मुलं एकेक करून आठवायला लागली, आणि त्याहून वाईट म्हणजे बरीचशी आठवेनात.

"म्हणजे सर, मला तेव्हाच कळत होतं का, की यांचं पुढे काही होणार नाही?"

"तसं असेल," मुल्ला सर म्हणाले. "नाहीतर असंही असेल, की ती ओळ एकदा लिहिली की तुम्ही त्या पोराकडे बघायचं थांबत होता. यंत्राला ते कळत नाही, बाई. कशामुळे काय झालं ते त्याला कळत नाही. कशाच्या सोबत काय येतं, एवढंच कळतं."

मुल्ला सर इतक्या वर्षांचे सहकारी, मनाने चांगले. त्यांनी हे टोचून म्हटलं नव्हतं. पण कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा आपणच, हे बाईंना त्या खुर्चीत कळलं. त्या दिवशी घरी जाऊन त्या जेवल्या नाहीत.

*

सोमवारपासून बाईंनी शिवन्याकडे बघायला सुरुवात केली. जून ते जानेवारी ती पोर त्यांच्यासमोर तिसऱ्या बाकावर बसत होती, आणि बाईंना तिच्या डाव्या भुवईवरचा व्रण त्या दिवशी पहिल्यांदा दिसला.

मधल्या सुट्टीत बाई चहा सोडून व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या. शिवन्याने डबा उघडला, थालीपीठ होतं. तिने त्याचे सात तुकडे केले, शेजारच्या सहा जणींच्या झाकणांवर एकेक ठेवला, वर बोटाने शेंगदाण्याची चटणी ठेवली, आणि सगळ्यात लहान तुकडा स्वतः घेतला. सात महिने न पाहता लिहिलेली ओळ अक्षरशः खरी होती.

बुधवारी वजनमापांचा धडा होता. बाईंनी टेबलावर खडू, डस्टर, दगड, कुलूप मांडलं आणि अंदाज विचारला. पोरं वाटेल ते आकडे ओरडत होती. शिवन्याने कुलूप तळहातावर घेतलं, डोळे मिटले आणि हळूच म्हणाली, एकशे चाळीस ग्रॅम. काट्यावर एकशे बेचाळीस भरलं. दगडात ती तीन ग्रॅमनी चुकली. कुठून शिकलीस म्हणून विचारलं तर म्हणाली, पप्पा सुट्टीत आले की खेळतात असं. नुसत्या हातावर वजन ओळखायचं ते काम, वर्षानुवर्षं भट्टीवर बसणाऱ्याला जमतं. बाईंना आनंद झाला आणि लगेच रडूही आलं, कारण हे असंच आणखी एकशे चार मुलांत काय काय असेल, ते आता कुणाला कळणार होतं?

त्या शनिवारी बाईंनी मनापासून ओळ लिहिली. 'शिवन्या हातावर घेऊन वजन अचूक सांगते. इतकी बारीक जाण मी चोवीस वर्षांत पाहिलेली नाही.' आकडा एकतीसवरून एकोणतीसवर आला. पुढच्या शनिवारी तिने अपूर्णांकांचं गणित फळ्यावर वेगळ्याच रीतीने सोडवलं ते लिहिलं. आकडा सव्वीसवर गेला.

मुल्ला सरांनी कंपनीला फोन लावला. ती इंजिनिअर मुलगी नम्रपणे बोलली. तिने सांगितलं त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. आकडे दिसू लागल्यापासून राज्यभरातले शिक्षक कमी आकड्याच्या मुलांबद्दल अचानक भरभरून लिहू लागले होते. दयेपोटीच लिहीत होते, पण त्यामुळे अंदाज चुकायला लागले. म्हणून वेधमध्ये एक दुरुस्ती केली गेली. कमी आकडा पाहिल्यानंतर शिक्षकाने केलेलं कौतुक जितकं जास्त, तितकं ते मूल खरोखरच मागे असण्याची शक्यता जास्त, असं आता ते धरत होतं. आणि ते सरासरीने बरोबर निघत होतं.

"पण हे खरं आहे," बाई फोनवर म्हणाल्या. "ती खरंच सांगते वजन."

"असेल ना, मॅडम," ती मुलगी म्हणाली. "पण आधीची ओळही तुम्ही खरी म्हणूनच लिहिली होती."

*

फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी बाईंनी आयुष्यात कधी केली नव्हती अशी गोष्ट केली. चाळीसच्या चाळीस मुलांसाठी त्यांनी एकच ओळ लिहिली. डबा सगळ्यांना वाटून खातो. डबा सगळ्यांना वाटून खाते. पहिल्या येणाऱ्या मुलालाही तीच, काच फोडणाऱ्यालाही तीच. सगळ्यांनाच दिली तर यंत्राला तिच्यातून काय कळणार, असा त्यांचा हिशोब. बाईंचं गणित चांगलं होतं, पण माणसांच्या बाबतीत ते चुकलं.

सोमवारी सकाळी फाटकाशी गर्दी होती. निवडक तुकडीत बसणाऱ्या मुलांचे पालक आले होते, कारण त्यांचे आकडे आठ-आठ, दहा-दहांनी घसरले होते. एकाचा साठाखाली गेला होता. त्याचे वडील कधी नव्हे ते गावी आलेले, ते फोन पुढे करून प्रत्येकाला आकडा दाखवत होते. चोवीस वर्षं ज्यांनी बाईंना नमस्कार केला, त्या बायका दुसरीकडे बघत होत्या. शीतल त्यांत नव्हती.

दुपारपर्यंत वरून निरोप आला. त्या आठवड्याच्या ओळी रद्द. तगारे बाईंनी यापुढे ओळ लिहू नये. तरी मानवी स्पर्शाचा नियम होता तो होताच. त्यावर तोड अशी निघाली, की बाईंची ओळ बाईंच्याच शैलीत वेध लिहील. चोवीस लाँगबुकं त्याच्याकडे होती. त्यांचं अक्षर होतं, 'त' ला लांब शेपूट काढायची लकब होती, खाली सहीसुद्धा होती. पुढच्या शनिवारी पत्रं गेली तेव्हा बाईंना स्वतःलाही ती आपण लिहिली नाहीत असं सांगता आलं नसतं. काच फोडणाऱ्याची त्यात थोडी थट्टा होती, बाईंनी केली असती तशीच. आणि मधल्या बाकांवरच्या सहा जणांना तीच जुनी ओळ.

मुल्ला सर म्हणाले, निवृत्तीला चार वर्षं आहेत, आता शांत बसा. बाई शांत बसल्या. आणखी काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं.

*

शीतल आली ती मार्च उजाडल्यावर, बाईंच्या घरी. हातात प्लास्टिकची पिशवी होती, पिशवीत जुने कागद, घडीवर घडी पडून कडेला फाटलेले. बाईंनी आपलं अक्षर ओळखलं. एकवीस वर्षांपूर्वीची, शीतलच्या पाचवीतली शनिवारची पत्रं होती ती.

बाईंनी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं. शीतल भांडायला आली नव्हती. भांडली असती तर बाईंना सोपं गेलं असतं. तिने एकेक कागद चटईवर मांडला. चौतीस पत्रं. बाई चष्मा लावून शेवटच्या ओळी वाचत गेल्या. पहिल्या तीन पत्रांत वेगवेगळं काहीतरी होतं. चौथ्यापासून पुढे सगळीकडे तेच.

"माझी आय न्हाई का, ती हे समद्यास्नी दाखवायची," शीतल म्हणाली. "लग्नात सासूला बी दाखवलं व्हतं. बघा, बाईंनी लिवलंय, पोरगी वाटून खाणारी हाय. मी जपून ठिवलं, बाई. मला वाटायचं, ह्या शाळंत मला कुणीतरी बघितलंय."

माफ कर म्हणावं, तर कशाकशाची माफी मागायची? त्यांनी शीतलचा हात धरला. शीतलने धरू दिला, पण तिच्या बोटांत काही जोर नव्हता.

"तू खरंच वाटून खायचीस का गं?" शेवटी बाईंनी विचारलं.

शीतल थोडं हसली. "मी डबाच न्हेत नव्हते, बाई. सुट्टीत घरला पळायची. भाकरी खाऊन परत यायची."

शिवन्याला यातलं काही सांगू नकोस, असं बाई म्हणाल्या. त्यावर शीतलने कागद गोळा करायला घेतले. ते पुन्हा पिशवीत घातले, पण घडी मोडू नये म्हणून पूर्वी घेतली असेल ती काळजी आता घेतली नाही.

"सांगायचं काय ऱ्हायलंय? तिनं सोता वाचलंय. वाचाया तुमीच शिकवलंय की."

*

शुक्रवारी मधल्या सुट्टीत बाई पुन्हा व्हरांड्यात गेल्या. मुली नेहमीसारख्या गोल करून बसल्या होत्या. शिवन्या त्या गोलात नव्हती. ती वर्गातच होती, मागच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. डाव्या हाताने तिने झाकण उभं धरलं होतं, आडोशासारखं, आणि उजव्या हाताने भराभर खात होती. घास मोठे होते, चावायलाही ती थांबत नव्हती.

बाई जवळ जाऊन खाली बसल्या. इथे का बसलीस, मैत्रिणी वाट बघतायत, असं काहीतरी त्या बोलल्या. शिवन्याने आधी वर पाहिलं ते कॅमेऱ्याकडे, मग बाईंकडे. कॅमेऱ्याला नीट दिसावं म्हणून ती जराशी तिरकी सरकली.

"वाटलं की आकडा कमी होतो, बाई," ती कुजबुजली. "आठ दिवस झाले, मी कुणालाच दिलं नाही. आता वाढंल ना?"

बाईंनी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते त्यांचं त्यांनाही ठरवता आलं नाही, आणि शिवन्याने ती हो अशीच घेतली. डब्यात थालीपीठाचा अर्धा भाग उरला होता. ती आता पोट भरलेलं असूनही तो संपवत होती.

दुसऱ्या दिवशी शनिवार. अकराला शाळा सुटली, सगळ्यांच्या फोनवर पत्रं आली. सोमवारी होळीनिमित्त सुट्टी, मंगळवारी भूमितीची पेटी आणावी, उन्हाळा वाढतोय, पाणी सोबत द्यावं. फाटकाजवळच्या लिंबाखाली शीतल फोन कानाला लावून कोइमतूरला पत्र वाचून दाखवत होती. नवऱ्याला तिने आकड्याचं काही सांगितलेलं नव्हतं. शिवन्या शेजारी उभी राहून आईच्या तोंडाकडे बघत होती. या वेळी काय लिहिलंय ते तिला ऐकायचं होतं.

"शिवन्या डबा सगळ्यांना वाटून खाते," शीतलने वाचलं.

शिवन्याने मान खाली घातली आणि दप्तरातला रिकामा डबा बाहेरूनच चाचपून पाहिला. बाई चार पावलांवर होत्या, त्यांना सगळं ऐकू येत होतं. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण शीतल क्षणभर थांबली, तिने बाईंकडे पाहिलं, आणि शेवटची ओळ पुन्हा एकदा वाचली.